तेल कारखान्यातली साहेबांची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. खातेगांवच्या सागवानाची, देवासच्या सरकारी तेल कारखान्यातल्या मोठ्या साहेबांची. पाय जागच्या जागी असले तरी कान माझे चहूकडे असतात, त्याला काय करणार!

काय थाट होता तेव्हा! पाठीवर पांढरा टॉवेल, दर सोमवारी धुतलेला. खिडकीतून ताज्या तेलाचा वास यायचा. मोसमात सोयाबीनचे ट्रॅक्टर पार फाटकाबाहेर लागायचे. साहेब मात्र टिकत नसत. एक जण जरा रुळला की त्याची बदली. दुसरा तर भोपाळहूनच फोन करायचा.

मग एकदा पावसाळा संपताना साहेब गेले आणि नवे आलेच नाहीत. वरून हुकूम आला, तोवर सगळा कारभार मॅनेजर बळवंतरावांनी पाहावा, सह्यांसकट.

बळवंतरावांचे वाडवडील धारच्या दरबारातले. मालकाच्या रिकाम्या आसनावर बसायचं नाही, ही घरची रीत. ते माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले.

खरेदीचं काम बघणारा उमाशंकर रोज यायचा. "अरे भिया, ऊपर बैठो ना! मंडीत सोयाबीन आलंय. खरेदीवर सही करून टाका."

"या खुर्चीची सही साहेबच करतील. येतीलच की आठ-पंधरा दिवसांत."

"आणि तोवर व्यापारी सगळा माल उचलतील, त्याचं काय?"

"सरकारी कारखाना आहे बाबा. लोक थांबतील."

लोक कशाला थांबतात? दिवाळीपर्यंत मंडी रिकामी झाली, यंत्रं गार पडली. पुढच्या वर्षी तोट्यातला कारखाना म्हणून फाटकाला कुलूप लागलं. माझा टॉवेल तेवढा शेवटच्या सोमवारीही धुतलेला होता.

लिलावातून बळवंतरावांनीच मला घरी आणलं. मी ओसरीवर, ते शेजारी स्टुलावर. त्यांच्या पत्नी भवानीबाई करवादतात, "अहो, आता कोणते साहेब यायचेत आपल्या ओसरीवर? बसा की नीट!" ते नुसतेच टॉवेल सारखा करतात.

काल त्यांची नात चिऊ माझ्यावर चढली. "आजोबा, मी साहेब! बोलो, क्या काम है?"

बळवंतराव चक्क उठून उभे राहिले. "सही हवी होती, सरकार. सोयाबीन आलंय."

चिऊनं हवेत बोट फिरवलं. "झाली!"

ते कितीतरी वेळ तिच्या बोटाकडे बघत राहिले. मग माझ्या हातावर हात टेकला.

बळवंतराव, लाकूड माझं अजून पक्कं आहे. तो टॉवेल काढा, चिऊला मांडीवर घ्या आणि आता तरी बसा हो.