लोकरीची गाठ

नारीनमध्ये हिवाळ्याचं ऊन डोंगराआडून उशिरा येतं. आमचं गॅरेज म्हणजे एक जुना लोखंडी मालडबा. त्याच्या उघड्या दारातून ते आधी उंबऱ्यावरच्या बर्फावर उतरतं, मग तेलाने काळ्या पडलेल्या फळीवर चढतं, भिंतीवरच्या पान्यांना एकेक करून शिवतं आणि अगदी शेवटी बाबांच्या हातांपाशी पोहोचतं. त्या सकाळी मी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहत राहिलो. बाबांकडे पाहायचं नव्हतं.

तेमिरकुल उस्ता, म्हणजे तेमिरकुल मिस्त्री, माझे बाबा, चाळीस वर्षं गाड्यांच्या विजेचं काम करत होते. झुमागुलमावशींची जुनी जपानी गाडी थंडीने गारठून बंद पडली होती. बाबांनी आमच्या बॅटरीवरून तिला तारा जोडल्या. मोठी ठिणगी उडाली आणि गाडीतला मिणमिणता दिवाही गेला. लाल चिमटा काळ्याच्या जागी लागला होता. मुख्य फ्यूज जळाला होता.

"उस्ता, गाडी नुसती आजारी होती. तुम्ही तर तिला मातीच दिलीत," मावशी गाडीच्या आतूनच म्हणाल्या. त्यांचं बाजारात दुधाचं दुकान. त्यांना सकाळी कळलेलं दुपारपर्यंत गावाला कळे, आणि मग उस्ताकडे गाडी कोण आणणार?

बॉनेट उघडं होतं. त्याआडचं त्यांना दिसलं नव्हतं.

"तारा मी लावल्या, मावशी," मी म्हणालो.

"तरीच. उस्ताच्या पोटी हा असला धांदरट."

बाबांनी आधी बॅटरीची तार सोडवली. हा फ्यूज ओढून निघत नाही. तो खालून दोन स्क्रूंनी आवळलेला असतो, आणि हे न जाणणारे अख्खी पेटीच मोडून ठेवतात. बाबांच्या बोटांना स्क्रू लगेच सापडले. नवा फ्यूज बसला. या वेळी तारा मी जोडल्या. गाडी सुरू झाली.

निघण्यापूर्वी मावशींनी रिवाजाप्रमाणे नानचा तुकडा पुढे केला. बाबांचा हात वीतभर अलीकडेच थांबला. तुकडा मी घेऊन त्यांच्या तळव्यावर ठेवला.

गाडी वळणाआड गेल्यावर बाबांनी हलकेच विचारलं, "लाल चिमट्याला मी लोकरीची गाठ बांधली होती. कुठे गेली रे?"

गेल्या आठवड्यात तारा पुसताना ती मीच कापून टाकली होती. मळ आहे, असं स्वतःला सांगितलं होतं. चिमटा इतका लालभडक असताना त्याला गाठ कशाला, हा प्रश्न मी मनात येऊ दिला नव्हता.

ऊन आता त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. पापणी लवत नव्हती.

बाबांना दिसत नव्हतं.