अर्धवट राहिलेलं गाणं

मित्रांनो, मी एक जुनी बासरी आहे, अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या टेकड्यांतल्या तांबड्या देवदाराच्या गाभ्यातून निघालेली. वावटळीत तो देवदार उन्मळून पडला, तेव्हा एनोस केचर त्या वाटेने चालला होता. चेरोकी या तिथल्या आदिवासी लोकांत गोष्टी सांगणारा म्हणून त्याचं नाव होतं. त्याआधी तो व्हिएतनामच्या लढाईत शिपाई होता. पडलेल्या झाडावर त्याने हात ठेवला, काहीतरी पुटपुटला आणि मगच करवत हाती घेतली.

त्याने मला उभं चिरलं, दोन्ही फाळ्या आतून कोरल्या आणि पुन्हा जोडल्या. तापल्या सळईने भोकं पाडली. पाठीवर लाकडाचा चिमुकला पक्षी कातडी वादीने बांधला. त्या पक्ष्याखालच्या फटीतून माझा आवाज निघतो. अलगुजासारखी मला उभी धरतात. पहिला श्वास आत आला, तेव्हा मी थरारले. झाडात असताना वारा अंगावरून जायचा; आता तो माझ्या आतून जात होता!

एनोस गोष्टी सांगे आणि मधूनमधून मला वाजवी. शाळांत, जत्रांत, चर्चच्या अंगणात. सशाच्या लबाड्या ऐकून पोरं हसून लोळायची. मी वाजले की चिडीचूप व्हायची. कौतुक पुष्कळ झालं. मग एनोसला खोकल्याने धरलं आणि अख्खा हिवाळा मी खिळ्यांच्या खणात पडून राहिले.

तिथून मला बाहेर काढलं डेलबर्ट सोपने. तो एनोसच्याच पलटणीतला. लढाईवरून परतल्यापासून माणसांच्या घोळक्यात त्याला बसवत नसे. लग्न असो की मयत, तो बाहेर गाडीत बसून राही. त्याने मला ओठांना लावलं आणि जोरात फुंकलं. मी किंचाळले.

"कॉफी निववतोयस का लेका?" एनोस हसला. "फुंकू नकोस. नुसता श्वास सोड."

"तोच तर सुटत नाही," डेलबर्ट म्हणाला.

पण तो येत राहिला. त्याची आजी चेरोकी भाषेत चर्चमधलं एक जुनं प्रार्थनागीत म्हणायची, तेवढंच तो शिकला. ते वाजवताना त्याचे खांदे खाली येत. मग आजाराने त्याला अंथरुणाला खिळवलं. एनोस उशाशी बसला होता.

"माझ्या मातीला बिगूल नको," डेलबर्ट म्हणाला. "आपल्या पलटणीतल्या पोरांसाठी तो खूप ऐकलाय. आजीचं गाणं वाजव. आणि मध्येच सोडायचं नाही."

"शब्द दिला, गड्या."

दफनाच्या दिवशी गारठा होता. शिपायाच्या मानाचं घडी घातलेलं निशाण डेलबर्टच्या बहिणीच्या, ओपलच्या मांडीवर होतं. एनोस वाजवू लागला. त्याचा ऊन श्वास माझ्या थंड लाकडात पाणी होऊन साचू लागला. गाणं अर्ध्यावर आलं आणि पक्ष्याखालची फट त्या पाण्याने भरली. माझा आवाज बसला. एनोसने मला झटकलं, पुन्हा वाजवून पाहिलं. नुसती फुसफुस. दिलेला शब्द मोडत होता.

तेवढ्यात, मी थांबले होते नेमका तिथला सूर ओपलने उचलला. बसल्या जागी, हळूच. मागून एका म्हाताऱ्याने तो धरला, मग बायकांनी, मग सगळ्यांनी. मित्रांनो, एवढे श्वास एका वेळी एकाच गाण्यात मी कधी ऐकले नव्हते. ज्या माणसाला लढाईनंतर कधी चार माणसांत बसवलं नाही, त्याला अख्ख्या गावाने शेवटच्या ओळीपर्यंत सोबत केली. मी एनोसच्या मुठीत ओलीचिंब, मुकी, नुसती ऐकत राहिले.

"वर्षानुवर्षं आम्हांला नुसतं ऐकायला बसवलंस," ओपल डोळे पुसत एनोसला म्हणाली. "आज एकदाचा गप्प बसलास!"

एनोस हसला. हसता हसता रडला.

मित्रांनो, बासरी वाजवून झाली की तिचा पक्षी सोडा, ती पुसा आणि सावलीत सुकवा. उन्हात टाकू नका, आम्ही तडकतो. एवढं करूनही कधी आमचा आवाज मध्येच बसला, तर आम्हांला झटकत बसू नका. गाणं तुम्हाला येत असेल, तर पुढचं तुम्ही म्हणा.