वाळलेलं की निजलेलं?

डोळे मिटा बरं. पायाखाली तापलेली वाळू, दातांत वाळू, अंथरुणात वाळू. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा झाडायचं. अंगणामागं कलिंगडांचा इवलासा मळा, मळ्यापलीकडं वाळूचा डोंगर, आणि दोघांच्या मधे एकच काटेरी झुडूप. आलं डोळ्यांसमोर? आता त्या झुडपाला एक दोरी बांधा, कारण ती दोरी बघूनच भिंगरी धावत सुटली होती.

एका जागी टिकत नाही म्हणून पोरीचं नाव भिंगरी. दोरी होती कुंभारकाकांची. गावाचा नेमच तसा: हिरव्याला हात लावायचा नाही; वाळलेल्याला जो आधी दोरी बांधेल, त्याचं ते सरपण.

"काका, हे गेलं तर वाळू आमच्या मळ्यात येईल!"

"वाळू काय पाहुणी आहे, दार उघडं दिसलं की यायला?" काकांनी कुदळ उचलली. "मेलंय ते. एक तरी पान दाखव."

"पाहुणी परवडली!" मळ्यातून भिंगरीची आत्या कडाडली. "ती कधीतरी जाते. पलीकडची झुडपं तुमच्या भट्टीनं खाल्ली, तेव्हापासून ही माझ्या वाफ्यांवर पाय पसरून बसलीय."

"मग मडकी काय उन्हात भाजू? मुळासारखा जाळ कशाचा नाही."

"नसणारच! पावसात चार पानं फुटतात, ती ऊन खातात आणि मुळात साठवतात. ती झुडपाची कोठी. उन्हाळ्यात पानं झटकून ते कोठीवर जगतं. तीच जाळलीत, तर पुन्हा फुटायचं कशाच्या जिवावर?"

"बोलणं पुरे. पान दाखव."

पान काही सापडेना. कुदळ वर गेली तशी भिंगरी मधेच फतकल मारून बसली. बुंध्याजवळची वाळू उकरून तिनं नखानं साल खरवडली. आत हिरवी रेघ!

काका वाकून बघत राहिले. "एवढंसं? आमच्या हौदातलं शेवाळ याहून हिरवं!"

"मग ते घाला भट्टीत!" आत्या म्हणाली.

काकांना हसू आवरेना. त्यांनी दोरी सोडली. "शेणींवर भागवतो. मडकी कच्ची राहिली तर गिऱ्हाईक तुझ्या दारात पाठवीन."

आत्या ताठ मानेनं घरी आली. पण भिंगरीचं नख आता थांबायला तयार नव्हतं. ती थेट चुलीपाशी गेली. तिथं आत्यानं आणलेल्या मुळांचा ढीग होता. पहिलं मूळ खडखडीत. दुसरंही. तिसऱ्याला चिकटलेल्या बुंध्यात हिरवी रेघ.

"आत्या, हे कुणी उपटलं?"

आत्यानं फुंकणी तोंडाला लावली, पण फुंकर निघेना. "पान दिसलं नाही गं," ती पुटपुटली.

ते मूळ घेऊन भिंगरी वाळूच्या डोंगराकडं गेली, झुडपाशेजारी कोपरभर खड्डा खणला, मूळ पुरलं, आणि आत्याच्या आंघोळीसाठी काढून ठेवलेलं सगळं पाणी त्यावर ओतलं.