पेडलवरचा पाय

“दाबा, भाऊ,” मागच्या चाकापाशी बसलेली दिव्यानी म्हणाली.

लोकेशने पेडल दाबले, सोडले, पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा पायाखाली थोडा जोर लागला तसा तो तिथेच थांबला.

“धरलं.”

निपलवर पाना फिरल्याचा बारीक आवाज झाला. पेडल पायाखालून हळूहळू खाली गेले आणि तळाच्या पत्र्याला टेकले. त्याने ते तसेच दाबून ठेवले. पाना पुन्हा फिरला.

“सोडा.”

त्याने पाय उचलला.

ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायची रीत एवढीच. तिला दोन माणसे लागतात. पेडलवरचा दाब धरतो, चाकापाशी बसलेला पान्याने निपल, म्हणजे तेल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, ढिला करतो. हवा आणि थोडे तेल नळीतून बाटलीत येते. निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचे. आधी सोडले, तर निघालेली हवा उलटी आत जाते. दोघांना एकमेकांचे हात-पाय दिसत नाहीत. सगळे काम आवाजावर चालते.

गोपाल आणि लोकेश यांचे ते सहा वर्षे चालत आले होते. आलापल्लीत जुन्या गाड्यांचे वेड असलेले हे दोघेच होते तेव्हा. गोपाल लाकडाच्या डेपोत कारकून, लोकेशचे औषधांचे दुकान. बरा मेकॅनिक हवा तर चंद्रपूर गाठावे लागे. म्हणून दोघांनी फोनवर व्हिडिओ पाहून, गाडी खोलून, बिघडवून आणि पुन्हा जोडून हे काम शिकून घेतले. पुढे आणखी लोक येत गेले. आता दर रविवारी गोपालच्या अंगणात चार-पाच गाड्या उभ्या असत आणि त्यांच्या ग्रुपला ‘पाना-पेचकस’ असे नावही होते.

गोपालची जिप्सी लिलावात घेतलेली होती. तिच्या ब्रेकचा पाना गोपालशिवाय कोणी हातात घेत नसे, आणि पेडलवर लोकेशशिवाय कोणी बसत नसे. गोपाल खालून ‘दाब, धर, सोड’ म्हणायचा. कधीकधी तो ‘सोड’ म्हणायच्या आत लोकेशला पान्याच्या आवाजावरून कळायचे. तरी तो थांबायचा.

आज गोपालच्या उजव्या अंगठ्याला टाके होते. मागच्या डाव्या चाकातला गळका भाग बदलायचे काम त्याने कसेबसे डाव्या हाताने केले, पण पान्याला जोर लागेना. तो उभा राहिला, पाना फडक्याने पुसला. लोकेशने हात पुढे केला होता. निदान त्याला स्वतःला तसे वाटले. हात फारसा पुढे गेला नसावा.

“दिव्यानी, इकडं ये,” गोपाल म्हणाला. “आज तू बस चाकावर. लोकेश, तू आपल्या जागेवर. तुझ्यासारखा पेडल कोणाले जमत नाई बाप्पा.”

दिव्यानी मडावी एटापल्लीकडची. सूरजागडच्या खाणीत डंपर चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची जुनी अल्टो घेऊन यायची. तिला येऊन फार दिवस झाले नव्हते. आली त्या दिवशी तिने विचारले होते, “मले शिकाचं हाये, चालन का?” आणि गोपालने तिच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली होती. ती खुर्चीवर बसली नाही, सरळ गाडीखाली वाकून पाहू लागली. गोपालला ते फार आवडले. त्या रात्री त्याने लोकेशला फोन करून ते सांगितलेही. “पोरगी पाह्य कशी हाये, बसाले खुर्ची देल्ली तं म्हणते, गाडी खालून दाखवा.” लोकेश म्हणाला, “हो.”

“दाबा, भाऊ.”

गोपाल कधी ‘दाबा’ म्हणत नसे. हा मान लोकेशला टोचला.

डाव्या आरशात त्याला दिव्यानीचा खांदा, तिच्या हातातली पारदर्शक नळी आणि बाटली दिसत होती. गोपाल तिच्याशेजारी उकिडवा बसून बोलत होता.

“बुडबुडा येऊन राह्यला ना, तो पाहाचा. तेलाकडं नाई पाहाचं.”

“हो.”

“आणि पाना किती फिरवाचा? पाव. जास्त खोललं तं आट्यांतून हवा घेते.”

आट्यांचे लोकेशला ठाऊक होते. पण ते त्याने व्हिडिओत पाहिले होते. गोपालने त्याला असे शेजारी बसून कधी सांगितले नव्हते. दोघे बरोबर शिकले, म्हणून सांगायची वेळ आली नाही, असे त्याने मनात जुळवून पाहिले. ते जुळत होते. तरी त्याची नजर आरशावरून हटेना.

ग्रुपमध्ये एक शिरस्ता होता. ब्रेकचे काम झाले की ज्याच्या हातात पाना होता त्याने गाडीची पहिली चक्कर मारायची आणि पेडलवरच्याने बाजूला बसायचे. आपल्या कामावर आपलाच जीव ठेवायचा, असे गोपाल म्हणे. जिप्सीच्या किती पहिल्या चकरांना लोकेश बाजूला बसला होता. आज तो दिव्यानीच्या बाजूला बसणार होता. पुढच्या रविवारी सगळे सिरोंच्याला निघणार होते, सर्वांत पुढे जिप्सी, आणि तिचा ब्रेक दिव्यानीने केला हे वाटेत चहाच्या प्रत्येक टपरीवर निघणार होते.

गोपाल उठून बॉनेटपाशी गेला. तिथल्या डबीतले तेल संपू न देणे, हे तिसऱ्या माणसाचे काम. रस्त्यावरून खाणीचे ट्रक जात होते. लाल धूळ तेलात पडू नये म्हणून त्याने डबीवर तळहात धरला.

“दाबा.”

“धरलं.”

पाना फिरला. पेडल खाली गेले, पत्र्याला टेकले.

लोकेशने पाय उचलला. फार नाही. पेडल बोटभर वर आले असेल.

“सोडा,” दिव्यानी म्हणाली.

त्याने उरलेला पाय उचलला. आरशात ती नळीकडे पाहत होती.

“बुडबुडे येऊनच राह्यले,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

“येतीन. धीर धर,” बॉनेटमागून गोपाल म्हणाला.

पुढच्या वेळीही लोकेशचा पाय बोटभर उचलला गेला. त्याच्या पुढच्याही. आता त्यात कसब आले होते. पाना बंद व्हायला सुरुवात होते त्या आवाजाच्या किंचित आधी उचलायचे, की ‘सोडा’ आणि पाय यांत फरक उरत नाही. सहा वर्षे पानाच ऐकत आलेल्या माणसाला ते अवघड नव्हते.

इंदुताई त्यांच्या ओम्नीचे प्लग घासत होत्या. लग्नाकार्यात स्वयंपाकाचे काम घ्यायच्या, ओम्नीतून भांडी वाहायच्या, आणि कुठलीही गाडी अडली की आवाज त्यांचाच आधी येई.

“काय जी, आज एका चाकालेच दिवस काढता का? आमचा भात होऊन जाते एवढ्यात. लोकेशभाऊ, पायाले मेंदी लावली का?”

सगळे हसले. लोकेशही हसला.

गोपाल तेलाची डबी झाकून मागे आला. “मी पाह्यतो. करा एकदा.”

“दाबा, भाऊ.”

या वेळी लोकेशने पाय दगडासारखा ठेवला. पेडल पत्र्याला टेकले, पाना बंद झाला, “सोडा” ऐकू आले, त्यानंतर एक श्वास घेऊन त्याने पाय उचलला. गोपाल शेजारी असताना आणखी एकदा तसेच केले.

“हिचा हात चोख हाये,” गोपाल म्हणाला. “बुडबुडा कमी झाला पाह्य. असंच चालू द्या.”

तो पुन्हा बॉनेटकडे वळला. लोकेश वाट पाहत होता ती याचीच.

“दाबा.”

“धरलं.”

पेडल खाली गेले. बोटभर वर आले.

आरशात दिव्यानीचा हात थांबला. नळीतले तेल चाकाकडून बाटलीकडे जायला हवे. ते मागे सरकले असणार, कारण तिने नळी उजेडाकडे धरली आणि नीट पाहिली. मग तिने मान वळवली. आधी बॉनेटकडे, जिथे गोपाल डबीत वाकलेला होता. मग ड्रायव्हरच्या दाराकडे. तिचे डोळे आरशात आले. लोकेशने समोर काचेतून पाहायला सुरुवात केली.

“सोडा, भाऊ,” ती म्हणाली. आवाज पहिल्यासारखाच होता.

तेलाचा डबा निम्मा संपला तरी पेडल मऊच राहिले. गोपालने येऊन स्वतः दाबून पाहिले, खाली बसला, आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. लोकेश वाट पाहत होता. आता गोपाल म्हणणार होता, ‘दिव्यानी, ऊठ, तुले जमून नाई राह्यलं.’ ते वाक्य त्याला जवळजवळ ऐकू येत होते.

“मास्टर सिलिंडर गेला,” गोपाल म्हणाला.

“काय?”

“दुसरं काय असन? हिचा हात मी डोळ्यानं पाह्यला. तुझा पाय तं चुकत नाई. माणसं बरोबर हायेत, म्हणजे सामान खराब. आतलं रबर गेलं असन.”

“आता बे?”

“आता कुठी. चंद्रपूरहून मागवा लागन. सिरोंचा राहून जाते जिप्सीचा.” त्याने इंदुताईंकडे पाहिले. “ताई, तुमचीच गाडी पुढं.”

“माझी? रस्त्यात भांडी वाजतीन बाप्पा.”

या वेळी कोणी हसले नाही. गोपालने बारा-तेराचे पाने काढले आणि डाव्या हाताने डबीखालच्या चांगल्या मास्टर सिलिंडरचा पहिला नट ढिला करायला तो वाकला. पाना घसरला. त्याने डावा अंगठा तोंडात धरला, पुन्हा पाना लावला.

“लोकेश, जरा टॉर्च धर.”

लोकेशने टॉर्च घेतला. उजेड नटावर नीट पडत होता. ‘थांब’ एवढे म्हणता आले असते. पण ‘काऊन?’ असे गोपालने विचारले असते.

“गोपालभाऊ,” मागून दिव्यानी म्हणाली, “खोलाच्या आधी अजून एकदा करून पाहू का?”

“काय फायदा?”

“मी नवीन हाये. माझा हात भरून आला आता. लोकेशभाऊले पाना घेऊ द्या. मी पेडलवर बसतो.”

गोपालने दोघांकडे पाहिले. “चाल. तेही करून पाहू.”

ती दारापाशी येऊन उभी राहिली. लोकेश उतरला. तिने पाना त्याच्या हातात दिला. उलटा, मूठ त्याच्याकडे करून.

चाकापाशी खाली बसल्यावर त्याला जिप्सीची ती बाजू दिसली. तेलाने काळे पडलेले निपल, त्याच्यावर घट्ट बसवलेली नळी, बाटलीत बुडलेले टोक. सगळे नीट केलेले होते. दिव्यानीने बाटलीखाली सपाट दगडही लावला होता.

“दाब,” तो म्हणाला.

“धरलं.”

त्याने पाना पाव फिरवला. नळीतून बुडबुड्यांची माळ गेली. आता बंद करायचे होते. त्याने केले नाही. पाना तसाच धरून तो नळीकडे पाहत राहिला. गाडीत काही हालचाल झाली नाही. बॉनेटपाशी गोपाल खोकला. नळीतले तेल जिथे होते तिथेच होते, केसभरही मागे सरकले नाही. लोकेशला आपल्या पोटऱ्यांत ताण जाणवला, जणू पेडल तोच दाबून बसला होता.

त्याने निपल बंद केले.

“सोड.”

बुडबुडे कमी झाले, मग एकेकटे येऊ लागले, मग नुसते स्वच्छ तेल आले. गोपालने पेडल दाबून पाहिले. पाय अर्ध्यातच अडला. त्याने पुन्हा दाबले आणि मोठ्याने हसला.

“दगड झाला ना बे! ताई, या, पाहा. लोकेशचा हात लागला आणि दगड झाला.”

“जुनं माणूस ते जुनंच,” इंदुताई म्हणाल्या.

“मी येडा,” गोपालने लोकेशच्या पाठीवर थाप मारली. “सहा वर्षं याले उगाच पेडलवर बसवून ठेवला. दिव्यानी, मनाले नको लावू. येते हळूहळू.”

“नाई लावत, भाऊ,” दिव्यानी म्हणाली. ती चाकाचे नट गोळा करून वाटीत टाकत होती.

चाक बसले, जॅक निघाला. गोपालने किल्ली लोकेशकडे फेकली. ती त्याने छातीशी झेलली. दिव्यानी बाजूच्या सीटवर येऊन बसली आणि तिने पट्टा लावला.

डेपोपासून नाल्यापर्यंत उतार होता. लोकेशने गाडी सोडली, वेग घेऊ दिला आणि पेडल दाबले. जिप्सी जिथल्या तिथे थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा थांबली. ब्रेकमध्ये काही उणे नव्हते. हा क्षण त्याने कितीदा बाजूच्या सीटवरून पाहिला होता.

“मस्त झाला,” तो म्हणाला. “अर्धी हवा तं तूच काढली होती.”

नाल्यापाशी त्याने गाडी वळवली.

“सिरोंच्याहून आल्यावर माझ्या अल्टोचा ब्रेक कराचा हाये,” ती म्हणाली.

“करू ना,” तो घाईने म्हणाला. “तू पाना धर. मी बसतो पेडलवर. गोपालले बोलवाचीही गरज नाई.”

“नाई, भाऊ. पाना तुम्ही धरा. पेडलवर मी बसतो.”

“अव, पण तुझी गाडी हाये ती. पहिली चक्कर तुले माराले नाई भेटणार.”

“नाई भेटत,” दिव्यानी म्हणाली. तिने खिडकीची काच थोडी खाली केली. “तुम्ही पान्यावर असले का काम लवकर होते.”

चढावर फाटकात गोपाल उभा होता, पट्टी बांधलेला अंगठा वर करून. लोकेशने ब्रेक दाबला. जिप्सी फाटकाच्या बरीच अलीकडे थांबली. मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यांदा वाजवला. पेडलवरचा पाय उचलायला लोकेशला वेळ लागत होता.