आत पडलेलं शटल

दुपारी चारच्या सुमाराला मिश्र दुहेरीचा अंतिम सामना संपला. शेवटचं शटल तिच्या डोक्यावरून मागे गेलं. ती गर्रकन वळली, झेप घेणार तोच जाळ्यापाशी अडकलेला तिचा जोडीदार ओरडला, "सोड!" तिने सोडलं. शटल रेषेच्या हातभर आत पडलं.

आता ती फिजिओच्या टेबलावर पाय पसरून बसली होती आणि जोडीदार तिच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून उभा होता. प्रशिक्षक सर दारातूनच सुरू झाले.

"हातभर आत! वरच्या गॅलरीतल्या पॉपकॉर्नवाल्यालासुद्धा दिसलं असतं."

"चुकलं, सर."

"तुझं? रेष ओळखण्यात? इतकी वर्षं कधी चुकला नाहीस, तो आजच बरा चुकलास!"

तो पिशवी जरा डावीकडे सरकवत राहिला.

हा जोडीदार तिचा नवराही होता, निदान कागदावर. परक्या पुरुषाबरोबर गावोगाव हिंडायचं नाही, असं तिच्या वडिलांनी निक्षून सांगितलं होतं. आणि जाळ्यापाशी तिच्यासारखी खेळणारी दुसरी त्याला मिळत नव्हती. तेव्हा दोघांनी उघड्या डोळ्यांनी लग्न उरकून टाकलं. जोडी खेळते आहे तोवर लग्न; जोडी मोडली की ज्याचा तो मोकळा. संघातली मंडळी याला 'दोन्ही कोर्टांतलं मॅरेज' म्हणायची आणि आपल्याच विनोदावर खिदळायची. घरात दोघांच्या खोल्या वेगळ्या, बोलणं अहो-जाहोचं. खेळताना तेवढी सवड नसायची, म्हणून तिथे 'तू'.

फिजिओबाईंनी गुडघा दाबून पाहिला. तिने ओठ चावला.

"आणखी एक झेप घेतली असतीस ना, तर थेट ऑपरेशनच होतं बघ," बाई म्हणाल्या. "आता विश्रांतीवर भागेल. पण वर्षभर रॅकेटचं नाव काढायचं नाही."

सरांचा आवाज उतरला. ते क्षणभर तिच्या पायाकडे बघत राहिले, मग त्याला म्हणाले, "ज्युनिअरमधली ती डावखुरी पोरगी पलीकडच्या कोर्टवर उभी आहे. निवड समितीतले दोघं अजून बसलेत. नवी जोडी बघतो म्हणाले. हात पूस आणि ये."

सर गेले. बाई पट्टी आणायला आत गेल्या.

"तुम्हाला ते आत दिसत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"चार दिवस तुम्ही जिना कठड्याला धरून, आडव्या पावलांनी उतरताय. म्हटलं, सांगाल."

"सांगितलं असतं तर खेळू दिलं असतं?"

"नाही."

ती हसली. हसताना गुडघा हलला तशी तिने टेबलाची कड घट्ट धरली. मग मांडीवरच्या टॉवेलची घडी घालत, अगदी वाणसामान सांगावं तशा आवाजात म्हणाली, "वडिलांना मी सांगेन. ठरल्याप्रमाणेच करू. तुमचं नुकसान नको. जा तुम्ही, समितीची माणसं किती वेळ थांबतील?"

त्याने ओले हात शर्टाला पुसले. खुर्चीवरच्या रॅकेटकडे पाहिलं.

"तळमजल्यावर एक घर आहे," तो म्हणाला. "परवा बघून आलो. स्वयंपाकघर जरा अंधारं आहे, पण जिना नाही."

"परवा?"

"हं."

घातलेली घडी तिने पुन्हा उलगडली.

"परवा तर आपण फायनलला पोचलोही नव्हतो."

बर्फ वितळून पाणी जमिनीवर ठिबकत होतं. त्याने पायानेच बादली ओढून खाली सरकवली.

"खोल्या किती आहेत?" तिने विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला.

"दीड."

बाहेरून सरांची हाक आली. थोड्या वेळाने पुन्हा आली, या वेळी पूर्ण नावानिशी. त्याने दुसरी बर्फाची पिशवी काढली. दाराच्या काचेतून तिला पलीकडचं कोर्ट दिसत होतं. डावखुरी पोरगी रिकाम्या बाजूला एकटीच सर्व्हिस मारत होती आणि समितीतला एक जण उठून कोट घालत होता.