टेम्पोच्या तीन फेऱ्या

खोटं मी बोलले, शुक्रा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पाड्यावर अजून काही जण म्हणतात की टेम्पोवाल्यानेच सगळ्यांची वाट लावली.

शुक्रा माझा नवरा. कासा गावच्या नविनशेठचा टेम्पो चालवायचा. भात घरात आलं की पाड्यावरच्या बायका भेंडी, मिरची, कारली लावायच्या. मी बारावीपर्यंत शिकलेली, म्हणून बायकांच्या गटाचं लिहिणं-वाचणं माझ्याकडे. सकाळी बायका माल डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत यायच्या आणि शुक्रा तो चारोटीला, भाजी घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर पोचवायचा. तिथून तो मुंबईच्या मॉलमध्ये जायचा. आमची भेंडी तिथे थंडगार कपाटात बसते, असं शुक्रा पोरगी श्रीमंताघरी दिल्यासारखा सांगायचा.

येताना टेम्पो कधी रिकामा आला नाही. रेशनचं धान्य, दुकानाची पोती, बाजारातून परतणाऱ्या म्हाताऱ्या, एकदा तर वऱ्हाडासकट नवरदेव. दिवसाला अशी एक फेरी, जाऊन येऊन. बस्स.

त्या टेम्पोमुळे माझा नवरा घरी होता, हेही सांगायला हवं. आमच्याकडचे, तलासरीकडचे पुरुष पावसाळा सरताना गुजरातच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या बोटींवर कामाला जातात, ते उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत. शुक्राला पाण्याची भीती. ओढ्यातसुद्धा गुडघ्याच्या वर उतरायचा नाही. मी त्याला चिडवायचे, म्हणायचे, तुला तर आंघोळीच्या बादलीचंही भय. तो हसायचा आणि म्हणायचा, "माझी बोट चार चाकांची."

२०१७च्या जानेवारीत कंपनीचे धर्मेश साहेब आले. हातात टॅब, पायात पांढरे बूट, ते आमच्या अंगणात यायच्या आत लाल झाले. ओटीवर बसून त्यांनी नीट समजावलं. "कंपनीला धूर कमी करायचा आहे, ताई. शेतातून मॉलपर्यंत एक किलो माल न्यायला किती डिझेल जळतं, ते आम्ही मोजतोय. जिथे जास्त जळतं तिथे आधी काम करणार."

आता आमच्याकडे सर्व्हेवाल्याशी कसं बोलायचं याचं एक शिक्षण असतं, ते शाळेत मिळत नाही. पूर्वी एकदा विहीर किती लांब आहे असं विचारायला माणूस आला होता. आम्ही शहाण्यांनी खरं सांगितलं. पलीकडच्या पाड्याने अंतर दुप्पट सांगितलं, आणि हातपंप तिकडे बसला. तेव्हापासून कोणी कागद घेऊन आलं की आम्ही अडचण मूठभर वाढवूनच सांगतो. जास्त अडचण, तर आधी मदत. 'जिथे जास्त, तिथे आधी काम' हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नवी गाडीच उभी राहिली. सासू बायजी आतून म्हणाली, "पोरी, सांगताना हात आखडू नको."

"टेम्पोच्या दिवसाला फेऱ्या किती?" साहेबांनी विचारलं.

"तीन," मी म्हणाले.

शुक्रा माझ्या शेजारीच बसला होता. "तीन कुठल्या? एकच तं फे..."

मी त्याच्या पायावर पाय ठेवला आणि जोरात दाबला.  तो माझ्याकडे बघून हसला. बायको शिकलेली, तिला जास्त कळतं, असंच त्याला वाटलं असणार.

"येताना काय असतं गाडीत?"

"काही नाही साहेब. रिकामीच येते."

साहेबांनी सगळं टिपून घेतलं, कोरा चहा घेतला आणि गेले. आम्ही नव्या गाडीचा रंगसुद्धा ठरवला. शुक्राला निळा हवा होता.

दसऱ्याच्या आधी कंपनीने आम्हा गटवाल्यांना चारोटीला बोलावलं. भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता, प्रत्येक रस्त्यापुढे रंगीत पट्टी. आमच्या पाड्याची पट्टी लाल, आणि सगळ्यात लांब. मला वेडीला आनंद झाला. मी शुक्राला कोपराने ढोसलं. मग धर्मेश साहेब म्हणाले, "किलोमागे सगळ्यात जास्त धूर या रस्त्यावर निघतो. त्यामुळे या हंगामापासून इथला माल आपण घेणार नाही. हायवेलगतच्या मोठ्या वाड्यांतून एकच ट्रक भरून जाईल."

"साहेब, तुम्ही तर काम करणार म्हणाला होतात," मी म्हणाले.

"हेच ते काम, ताई."

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. मीच त्यांना कोपऱ्यात गाठून सांगितलं की तीन फेऱ्या खोट्या आहेत, फेरी एकच, आणि गाडी येताना भरलेली असते. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तेव्हाच का नाही सांगितलंत? आकडे वरच्या साहेबांकडे गेले, त्यावर निर्णय झाला. आता मी तोंडी काय बदलणार?" त्यांनी वर एक मेल केला, हे मला माहीत आहे. त्याचं उत्तर आलं नाही.

राग येतो तो याचा. आमच्या भेंडीला धूर होता तरी किती? शेतापासून रस्त्यापर्यंत ती बायकांच्या डोक्यावर जायची. परतीच्या डिझेलात अख्ख्या पाड्याचा बाजार यायचा. साहेबांना हवं होतं ते आमच्याकडे आधीपासूनच होतं, आणि मी ते माझ्या तोंडाने पुसलं.

 घरी जाताना पाड्याच्या वळणावर टेम्पो थांबवून शुक्रा म्हणाला, "तू आपल्यासाठीच सांगितलंस ना. सोड आता." त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आजतागायत त्याने मला त्यावरून एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच मला खात राहतं.

कासाच्या बाजारात एवढी भेंडी कोण घेणार? ती झाडावरच जून झाली. नविनशेठने टेम्पो काढून घेतला. शुक्राने वर्षभर मिळेल ते काम केलं, आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये तलासरीच्या माणसांबरोबर बोटीवर गेला. मी अडवलं. म्हणाला, "मोठी बोट असते गं, ओढा नाय." पिशवी त्याने दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली. मी ते पाहिलं आणि तरी जाऊ दिलं. महालक्ष्मीच्या यात्रेला नक्की येतो म्हणाला.

होळीच्या आधी फोन आला. इंजिन बंद पडून बोट वाहत पाकिस्तानच्या हद्दीत गेली. सगळे पकडले गेले. जिवंत आहेत, एवढंच फोनवरच्या माणसाला माहीत होतं. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरली. मी पहिले तीन दिवस जीप थांबतात तिथे जाऊन उभी राहिले. येणार नाही हे माहीत असून उभी राहिले.

परवा तालुक्याहून एक माणूस फॉर्म घेऊन आला. पकडलेल्या माणसांची माहिती वर पाठवायची होती. धर्मेश साहेब बसले होते त्याच ओटीवर, त्याच जागी तो बसला. नाव, वय, उंची, अंगावरची खूण, सगळं मी सांगितलं. मग त्याने विचारलं, "बोटीवर याआधी किती वेळा गेला होता?"

 कमी सांगितलं तर सोडतील की जास्त सांगितलं तर? आतून बायजी काहीतरी सांगू लागली. मी हात करून तिला थांबवलं.

"आधी कधीच नाही. ही पहिलीच," मी म्हणाले. "एकच फेरी. एकच लिहा, साहेब."

त्याने लिहिलं. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही, मी वाकून आकडा पाहिला. एकच होता. मग खाली बघत बसले. माझ्या पायाजवळ, जिथे तेव्हा मी शुक्राचा पाय दाबला होता, तिथली शेणाने सारवलेली जमीन रिकामी होती.