उलटी धरलेली फिल्म

मित्रांनो, मी एक जुनी काळी फिल्म आहे. सिनेमाची नव्हे हं! एमआरआयची. तीर्थपुरीजवळच्या एका वस्तीवर, कल्याणच्या घरात, कपाटाशेजारच्या खिळ्याला मी पिशवीत टांगलेली असते. माझ्या अंगावर एकाच मेंदूची वीस चित्रं आहेत. तो मेंदू कल्याणच्या लेकीचा, प्रांजलीचा.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरला झाला. प्रांजली तेव्हा चौदा महिन्यांची होती. ती अजून मान धरत नव्हती. डोळे सारखे इकडून तिकडं फिरायचे, एका जागी ठरायचेच नाहीत. आई समोर आली तरी ती हसायची नाही. आईचा आवाज आला की मात्र खुदकन हसायची. तिला झोपेचं औषध देऊन मोठ्या नळीसारख्या यंत्रात ठेवलं. यंत्रानं बराच वेळ ठकठक केली आणि मी गरम गरम बाहेर पडले. मला वाटलं, आता कोणीतरी जाणकार आपल्याला वाचणार. कसचं काय! मोठ्या डॉक्टरांनी आठ दिवसांनी बोलावलं होतं. पण तोवर हरभरा सोंगायला आला आणि ती वेळ हुकली ती हुकलीच.

मग मला घरच्यांनीच वाचलं. अंगणात, उन्हाकडं धरून, तेही उलटं! मान डोलावणारे तर इतके होते की विचारू नका. कल्याणच्या आईनं, तुळजाबाईंनी, माझ्यावरच्या एका गोल चित्रावर बोट ठेवलं.

"हे बघा! अर्धं काळं, अर्धं पांढरं. गिऱ्हान लागल्यालं दिसून राह्यलं बराबर. म्या म्हनत न्हव्हते?"

त्याचं असं झालं होतं. प्रांजली पोटात असताना सूर्यग्रहण आलं होतं. तिच्या आईला, शीतलला, तिसरा महिना होता आणि पोटात पाणी ठरत नव्हतं. तिनं ग्रहणात एक लिंबू चिरलं. एवढाच तिचा गुन्हा! लेकरू आंधळं निघालं म्हटल्यावर तुळजाबाईंना ते लिंबू आठवलं आणि माझ्या रूपानं त्यांना पुरावाच मिळाला. आल्यागेल्याला त्या मला काढून दाखवायच्या. शीतल खाली मान घालून चहा द्यायची. मला लाज वाटायची, पण फिल्मला तोंड कुठं असतं?

आता ऐका, ही शीतल परकी नव्हती. तुळजाबाईंच्या सख्ख्या भावाची, रामकिसनची लेक. आत्यानं हौसेनं भाची सून करून आणली होती. शीतल लग्नानंतरही त्यांना आत्याच म्हणायची. आणि ह्याच आत्यानं धाकट्या राजानंदसाठी शीतलची धाकटी बहीण साधना मागून ठेवली होती. तुळशीचं लग्न झालं की सुपारी फोडायची, असं ठरलं होतं.

त्या वर्षी दिवाळीतच पुन्हा सूर्यग्रहण आलं. राजानंदनं मला खिळ्यावरून काढलं आणि हातात कात्री घेतली. माझे तुकडे करून त्यातून सूर्य बघायचा बेत होता त्याचा. शीतलनं धावत येऊन मला हिसकावून घेतलं.

"भाऊजी, ह्याच्यातून बघू नका. डोळे जातील! घरात एक झालं तेवढं पुरे न्हाई का?"

राजानंदनं कात्री खाली ठेवली. शीतल मला छातीशी धरून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आत्या, मी जालन्याला चालले. ही फिल्म आजवर एकाबी डॉक्टरनं बघितली न्हाई."

"चल, मी बी येते," तुळजाबाई ठसक्यात म्हणाल्या. "डॉक्टरच्या तोंडूनच ऐक एकदाचं."

दिवाळी सरल्यावर दोघी जुन्या जालन्यातल्या एका दवाखान्यात गेल्या. कल्याण कापसाच्या वेचणीत अडकला होता. डॉक्टरीणबाईंनी मला दिव्याच्या पेटीवर लावलं. सुलटं! जन्मल्यापासून पहिल्यांदा माझं डोकं वर आलं.

"ही दाढेसारखी खूण दिसते? तोल सांभाळणारा मेंदूचा भाग पुरता झालेला नाही. डोळ्यांचे पडदेही असेच अपुरे असणार. हे दोन्ही बहुतेक एकाच कारणानं झालंय."

"गिऱ्हानानं," तुळजाबाई म्हणाल्या.

"नाही आजी. ग्रहणानं असं काही होत नाही. हे आईबापाकडून येतं. मुलीचे आईबाबा नात्यातले आहेत?"

"माझ्या सख्ख्या भावाची पोरगी हाय ही."

डॉक्टरीणबाईंनी माझी पिशवी घेतली आणि तिच्यावर घराणं काढलं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. वर तुळजाबाईंचे आईवडील. त्यांच्याखाली तुळजाबाई आणि रामकिसन. त्यांच्याखाली कल्याण आणि शीतल. सगळ्यात खाली प्रांजली. प्रांजलीचा गोल त्यांनी पूर्ण काळा केला, कल्याण आणि शीतलचा अर्धा.

"अर्धं काळं म्हणजे दोष अंगात आहे, पण त्रास नाही. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून तो आला, तरच लेकराला त्रास होतो. आणि ह्या दोघांना तो बहुतेक वरच्या पिढीतून आलाय." त्यांनी वरचा एक चौकोन आणि त्याच्या शेजारचा गोल अर्धा काळा केला.

तुळजाबाईंनी त्या गोलावर बोट ठेवलं. "ह्यो गोल कुनाचा?"

"तुमचा, आजी."

तुळजाबाईंनी त्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या गोलावरून बोट फिरवलं. "म्हंजे गिऱ्हान माझ्यातच हुतं, अन् मी पोरीला बोलून राह्यले."

"तुमचाही दोष नाही. हे कोणी मुद्दाम देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग राजानंद आणि साधनाचं ठरल्याचं कळल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितलं, की आधी प्रांजलीचं आणि मग त्या दोघांचं रक्त तपासा. दोघांच्याही अंगात हे निघालं, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक इतका धोका.

सुपारीच्या दिवशी भाऊ पाहुणे घेऊन आला. तुळजाबाईंनी मला सगळ्यांसमोर आणलं आणि पिशवीवरचा तो गोल भावाला दाखवला.

"रामकिसन, आधी रक्त, मंग सुपारी."

"अक्का, चार मानसांत शब्द मोडती?"

"मोडते. पाप लागलं तर मला लागू दे. अन् समद्यांनी ऐका, लिंबानं काई बी झालं न्हाई. माझ्या भाचीला मी उगाच बोलले. चुकलं माझं!"

शीतल दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. रामकिसन रागानं जेवला नाही, पण तपासणीला हो म्हणाला. तपासणीत राजानंद आणि साधना, दोघांच्याही अंगात तो दोष निघाला. साधना आता बदनापूरला दिली आहे आणि तिचा मुलगा घरातलं एक भांडं जागेवर राहू देत नाही.

प्रांजली बरी झाली का, असं तुम्ही विचाराल. नाही झाली. पण रोजच्या व्यायामानं बसायला लागली आणि भिंत धरून झुलत झुलत चालते. दिसत नाही. शब्द थोडे, पण स्पष्ट. मला हातात घेऊन हलवते, मी वबक वबक वाजते आणि ती खिदळते. इतक्या लोकांनी मला पाहिलं, पण माझा इतका आनंद दुसऱ्या कोणाला झाला नाही.

माझं मागणं थोडंच आहे, मित्रांनो. अशी फिल्म घरात असली तर जाणत्या माणसाकडून सुलटी वाचून घ्या. तिच्यातून सूर्याकडं बिलकुल बघू नका. आणि आईला बोल लावायची घाई करू नका.

परवाच्या चंद्रग्रहणाचं सांगते आणि थांबते. शीतलला पुन्हा दिवस गेलेत. ह्या खेपेला पोटातल्या बाळाची तपासणी वेळेत झाली आणि चांगली आली. दुपारी वेध लागले होते. शीतल उलट्यांनी हैराण होऊन भिंतीला टेकून बसली होती. तुळजाबाई आत गेल्या, विळी आणि एक लिंबू घेऊन आल्या आणि तिच्यापुढं ठेवलं.

"आत्या, वेध लागलेत," शीतल म्हणाली.

"म्हाईत हाय मला. चीर."

शीतलनं लिंबू चिरलं. भिंत धरून प्रांजली आली, नाक वर केलं आणि म्हणाली, "लिंबू!"

"हां गं माझी बाय," तुळजाबाई म्हणाल्या, "लिंबूच हाय."